बाळंतिणीची वाट अजून पायवाटच

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. शहरात ही म्हण आता बोलण्यापुरती उरली. शहापूर, मुरबाडच्या ठाकूर-कातकरी पाड्यांवर मात्र तिचा अर्थ अजून जसाच्या तसा लागू आहे. पावसाळ्यात रात्री कळा सुरू झाल्या की घरची माणसे आधी आभाळाकडे बघतात, मग ओहळाच्या पाण्याकडे, आणि मग झोळीला दांडा शोधायला निघतात.

कागदावरचे चित्र काही वाईट नाही. एक लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांचे प्रमाण महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये १४९ होते. २०१८-२० मध्ये ते ३३ वर आले. देशाचा आकडा त्या वेळी ९७ होता. पण ही सरासरी आहे. तिच्यात ठाणे-मुंबईची बाई येते आणि डोंगरापलीकडच्या पाड्यावरचीही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यात सातव्या महिन्यात घरीच जुळे झाले. दोन्ही बाळे गेली, आणि रक्तस्राव होणाऱ्या आईला डोलीत घालून चिखलातून न्यावे लागले. ती वाचली. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातली एक तरुण गर्भवती मात्र पुढच्या रुग्णालयात नेताना वाटेतच पोटातल्या बाळासह गेली. २०१४ पर्यंत हे तालुके आणि आपले तालुके एकाच ठाणे जिल्ह्यात होते. जिल्हा वाटला गेला, दुखणे वाटले गेले नाही.

बाईचे वर्ष

अशी एखादी बाई जाते तेव्हा 'बाळंतपणात गेली' एवढेच लिहिले जाते. खरे तर मरणाची तयारी वर्षभर आधीपासून चाललेली असते. आषाढ-श्रावणात ती चिखलात वाकून आवणी करते. भात हाती यायच्या आधीच घरातले धान्य सरलेले असते. दिवाळी झाली की कुटुंब भिवंडी, कल्याणकडे वीटभट्टीवर निघते, कारण शेठकडून उचल घेतलेली असते. पोटात दिवस गेलेले असले तरी विटा उचलाव्या लागतात, कारण हिशेब जोडप्याच्या कामाचा. गावच्या आशाताईने नाव नोंदवलेले असते, गोळ्या दिलेल्या असतात. भट्टीवर ना ती आशाताई असते, ना तो आहार.

आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा बाईला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. योजना चांगली, पण ती गावात बसून आहे आणि बाई भट्टीवर. शिमग्याला किंवा पावसाच्या तोंडावर ती परत येते तेव्हा आठवा महिना लागलेला असतो आणि अंगात रक्त नसते. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेले तर तो जिवावरचा अशक्तपणा समजतात. धडधाकट बाई जेवढा रक्तस्राव सोसेल, तेवढ्यात ही हातची जाते.

उशीर तीन ठिकाणी

बाळंतपणानंतर रक्त थांबले नाही तर दोन तासांतही बाई दगावू शकते. हे दोन तास जातात कुठे? पहिला उशीर घरात. 'आधीची दोन घरीच झाली, आताच काय झालं?' असे सासू म्हणते. नवऱ्याला गाडीभाड्याची काळजी. पोरगी अठराच्या आतली असेल तर भीती आणखी वेगळी. पोक्सो कायद्यामुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते, म्हणून घरचे दवाखान्याचे नावच काढत नाहीत. बालविवाहाचे मूळ तसेच राहते आणि शिक्षा भोगते ती पोर.

दुसरा उशीर वाटेवर. १०८ नंबरला फोन लावायचा तर आधी रेंज हवी. गाडी आली तरी डांबर संपते तिथे उभी राहते.

तिसरा उशीर दवाखान्यात. प्राथमिक केंद्रातून शहापूर किंवा मुरबाड, तिथून उल्हासनगर, कळवा किंवा ठाणे. सिझेरियनला शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर आणि रक्त, तिन्ही एकाच वेळी हजर लागतात. एक नसले तरी चिठ्ठी पुढची. चिठ्ठी लिहायला पाच मिनिटे लागतात, रस्ता मात्र पन्नास-साठ किलोमीटरचा.

पाणी जाते, रस्ता येत नाही

तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे मोडकसागर आले, भातसा आले. शहापूरचे पाणी मुंबईला रोज पोचते. त्याच तालुक्यातल्या पाड्याला 'वनखात्याची जमीन आहे' म्हणून रस्ता नाही. या उत्तरावर गावाने गप्प बसायचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. ग्रामसभेने शिफारस केली तर रस्ता, दवाखाना, अंगणवाडी यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत. कातकरी वाड्यांसाठी २०२३ पासून केंद्राच्या जनमन योजनेतही रस्ते आहेत. तेव्हा ठराव करावा, नक्कल ठेवावी आणि पाठपुरावा सोडू नये.

रस्ता होईपर्यंत निदान दिवस भरत आलेल्या बाईला आठवडाभर आधी दवाखान्याजवळ आणून ठेवावे. माहेरघराची कल्पना त्यासाठीच आहे. पण घरी दुसरे लेकरू, शेळ्या, म्हातारी. त्यांचे कोण बघणार, याची सोय गावानेच करायला हवी. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी फुकट आहे, हेही घरोघर सांगायला हवे.

मागे राहिलेले पोर

आई गेली की पाचवी पुजायलाही घरात कुणाचे मन होत नाही. तान्हे आजीकडे येते. बकरीचे दूध, नाहीतर पाणी घातलेली पावडर. मावशी पाजती असेल तर नशीब. थोडी मोठी बहीण असेल तर तिची शाळा सुटते आणि भावंड कडेवर येते. काही वर्षांनी तिचेही लग्न लवकर उरकले जाते. फेरा पुन्हा तिथेच.

कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचे बाळ दहा दिवसांत गेले, तेव्हा त्यांचे वय चौदा. नीट उपचार असते तर ते वाचले असते, हे मनाला लागून त्या अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषयही बाळंतशास्त्राचाच. पुढच्याच वर्षी, बाविशी पुरी व्हायच्या आत, त्या गेल्या. मुरबाडची एसटी त्याच कल्याणहून सुटते.

प्रत्येक मातामृत्यूची चौकशी व्हावी, असा नियम आहे. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांपर्यंतचा मृत्यू त्यात धरतात. घरच्यांचे जबाब घेतात, जिल्ह्याची समिती बसते. त्या चौकशीत काय निघाले, हे नाव न घेता का होईना, ग्रामसभेत वाचून दाखवावे. उशीर घरात झाला, वाटेत झाला की दवाखान्यात, हे गावाला कळले पाहिजे. पुढच्या पावसाळ्यातही त्याच पाड्यावर कुणाचे तरी दिवस भरत आलेले असणारच.