डोंगरवाडीचे जीवन आणि भवितव्य : कर्जत व खालापूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबई व पुणे या दोन महानगरांना जोडणारा लोहमार्ग आणि द्रुतगती महामार्ग ज्या डोंगररांगांच्या कुशीतून जातात, त्याच रांगांच्या उतारांवर आजही अनेक आदिवासी वाड्या पायवाटेच्या आधाराने जगत आहेत. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके नकाशावर महानगरांच्या निकट असले, तरी माथेरान, इर्शाळगड, कोथळीगड व ढाक यांच्या परिसरातील डोंगरवाड्या व्यवहारात दूरच आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ११.६ टक्के होते. डोंगरवाड्यांत प्रामुख्याने ठाकर व कातकरी या जमातींची वस्ती आढळते. या वाड्यांची शेती, उपजीविका, जमिनीवरील हक्क व सुरक्षितता यांचा परस्परसंबंध प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

शेतीचे स्वरूप

या भागात वार्षिक पाऊस तीन हजार मिलिमीटरपेक्षा अधिक पडतो. परंतु तो प्रायः चार महिन्यांतच पडतो. खोलगट, बांधबंदिस्तीच्या खाचरांत भात, तर उताराच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी व खुरासणी ही पिके घेतली जातात. भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. रोपवाटिकेसाठी उन्हाळ्यात टहाळ, पालापाचोळा व शेण पसरून राब भाजण्याची पद्धत जुनी आहे. भाजणीमुळे तणाचे बी मरते आणि राखेतून रोपांना पोषण मिळते. मात्र त्यासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात. पूर्वी वरकस जमीन काही वर्षे पिकवून पुढे पड टाकली जाई. कुटुंबे वाढली, जमीन तेवढीच राहिली आणि पडीचा काळ घटला. परिणामी उतारावरील माती धुपून उत्पादन कमी होत गेले.

शेतीचे धान्य बहुसंख्य कुटुंबांना वर्षभर पुरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळा, कुर्डू, टाकळा, भारंगी या रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदे व जांभळे, तसेच लाकूडफाटा नेरळ, कर्जत, चौक व खोपोलीच्या बाजारात विकून मीठमिरचीची गरज भागवली जाते. कातकरी कुटुंबे पावसाळा सरताच वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. भट्टीमालकाकडून उचल आधीच घेतलेली असल्याने मजुरीचा मोठा भाग ती फेडण्यातच जातो आणि मुलांच्या शाळेचे वर्ष अर्ध्यावर तुटते.

या कर्जचक्रावर उपाय शोधण्याची परंपरा याच तालुक्यात आहे. माथेरानचे हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी स्वातंत्र्यपूर्व काळात शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी धान्यकोठीचा प्रयोग केला होता. पुढे कशेळे येथील ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यकोशाची कल्पना रुजविली. पावसाळ्यात उसने घेतलेले धान्य सुगीनंतर थोड्या वाढीव मापाने कोशातच परत करावयाचे, हे त्याचे तत्त्व होय. वाढावा सावकाराच्या घरी न जाता वाडीतच राहतो, हा त्याचा खरा लाभ.

पाणी : विपुलता व टंचाई

बेसाल्ट खडकाचा उतार पावसाचे पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे जुलैत ओढ्यांनी वेढलेल्या वाडीतील स्त्रियांना एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. याच परिसरातील मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईस जाते. भिवपुरी येथील जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे पेज नदी बारमाही झाली असून राजनाल्याद्वारे सखल गावांत उन्हाळी भात पिकतो. पण गुरुत्वाकर्षणाने वाहणारे हे पाणी वरच्या वाडीस उपयोगी पडत नाही. डोंगराच्या पाण्याचा लाभ डोंगरवासीयांस सर्वांत कमी मिळतो, असे हे चित्र आहे.

जमिनीचे हक्क व प्रशासकीय स्थान

ब्रिटिश अमदानीत वनजमिनीचे काही तुकडे आदिवासींना डोंगरी शेतीसाठी भाडेपट्ट्याने दिले गेले. त्यांस दळी जमीन म्हणतात. दळी बहुधा गटाच्या प्रमुखाच्या नावे असल्याने प्रत्यक्ष कसणाऱ्यांची नावे अभिलेखात उतरली नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना कमाल चार हेक्टर मर्यादेपर्यंत हक्क मान्य केला, तसेच जुने पट्टे कायम हक्कात रूपांतरित करण्याची तरतूद केली. परंतु पुरावा गोळा करणे व मोजणी करून घेणे हे निरक्षर कुटुंबास सोपे नाही.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. रायगड जिल्ह्याचा कोणताही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा येथे लागू नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्रात पाड्याला स्वतंत्र ग्रामसभेची मागणी करता येते. कर्जतची वाडी मात्र सखल भागातील मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीत अल्पसंख्य ठरते. योजनांच्या बाबतीतही असाच भेद दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेले पीएम-जनमन अभियान विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी आहे. कातकरी त्यात येतात, ठाकर येत नाहीत. एकाच डोंगरावरील दोन शेजारी वाड्यांच्या वाट्यास त्यामुळे वेगवेगळा रस्ता व वेगवेगळे घर येऊ शकते.

इर्शाळवाडीचा धडा

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २२८ लोकसंख्येच्या या वाडीतील २७ जणांचे मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने जड यंत्रे वर नेता आली नाहीत. फावडी व घमेली घेऊन ढिगारा उपसावा लागला. मदतीसाठी डोंगर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचाही मृत्यू झाला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते.

कठीण कातळावर झिजलेल्या मातीचा थर असतो. सततच्या पावसाने तो पाण्याने भरला, की मातीच्या कणांमधील दाब वाढून पकड सुटते आणि थर कातळावरून घसरतो. २००५ मध्ये महाड तालुक्यात, २०१४ मध्ये माळीण येथे व २०२१ मध्ये तळिये येथे असेच घडले. माळीणच्याच वर्षी, डिसेंबरात, इंडोनेशियातील मध्य जावाच्या बंजारनेगारा जिल्ह्यातील जेम्बलुंग ही शेतकरी वाडी दरडीखाली गाडली गेली. खडक, पीक व भाषा भिन्न असूनही अतिवृष्टी, तीव्र उतार आणि उताराखेरीज अन्यत्र जमीन नसलेला शेतकरी ही तिन्ही कारणे दोन्हीकडे समान आहेत.

वाचलेल्या कुटुंबांची सोय प्रारंभी कंटेनरच्या तात्पुरत्या निवाऱ्यात झाली व पुढे सिडकोमार्फत चौक परिसरात पक्की घरे उभारण्यात आली. घर सुरक्षित झाले. पण शेत, रान व गुरांचे कुरण डोंगरावरच राहिले. डोंगरी शेतकऱ्याचे घर हे त्याच्या उपजीविकेचा भाग असते. म्हणून केवळ घराचे पुनर्वसन हे अर्धेच पुनर्वसन ठरते.

भवितव्याच्या दिशा

नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर टोकणी होते. राब, चिखलणी व लावणी टळतात, माती कमी धुपते आणि त्याच वाफ्यावर पुढे वाल घेता येतो. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राच्या भातजाती उपलब्ध आहेतच. शहरांत नाचणीस मागणी वाढली असली, तरी तिचा लाभ वाडीस मिळण्यासाठी सामूहिक साठवण व विक्रीची व्यवस्था हवी. गडांवर येणाऱ्या पर्यटकांमुळे जेवण व वाटाड्याच्या कामातून काही कुटुंबांना उत्पन्न मिळते. मात्र ते हंगामी व अनिश्चित आहे.

दुसरीकडे नवी मुंबई विमानतळ, शेतघरे व गृहसंकुले यांमुळे जमिनीचे भाव चढत आहेत. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर कायद्याचे निर्बंध असले, तरी ज्याचे नाव सातबाऱ्यावरच नाही, त्यास त्या निर्बंधांचे संरक्षण कसे मिळणार?

निष्कर्ष

डोंगरवाडीपुढे ‘वर राहणे’ आणि ‘खाली येणे’ असे दोनच पर्याय ठेवणे योग्य नाही. प्रत्येक वाडीच्या उताराची भूशास्त्रीय तपासणी, वनहक्क दाव्यांची पूर्तता, वाडीजवळच पाणी अडविण्याची सोय आणि रुग्णवाहिका पोहोचेल असा रस्ता, या चार गोष्टी झाल्यास बहुतेक वाड्या आपल्या जागी टिकू शकतील. ज्यांना हलविणे अपरिहार्य आहे, त्यांना घराबरोबर कसण्याजोगी जमीन व रानावरील हक्क मिळणे आवश्यक आहे. इर्शाळवाडीचे नाव यादीत येण्यासाठी दरड कोसळावी लागली. उरलेल्या वाड्यांची नोंद तत्पूर्वी व्हावी, हीच या प्रश्नाची खरी निकड आहे.