शस्त्रक्रियेआधी यकृताची तयारी

वजन कमी करण्याच्या, म्हणजेच बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेची तारीख ठरली की अनेक रुग्णालयांत रुग्णाच्या हाती एक आहारतक्ता ठेवला जातो. हा आहार बहुधा दोन आठवडे, काही वेळा चार आठवडे पाळायचा असतो आणि त्यातून दिवसाला साधारण 800 ते 1200 कॅलरी मिळतात. शस्त्रक्रियेने वजन उतरणारच आहे, मग आधी एवढा कडक आहार कशाला, हा प्रश्न रुग्णाला आणि घरच्यांना हमखास पडतो. त्याचे उत्तर यकृतात आहे.

यकृत पोटाच्या उजव्या बाजूला असले, तरी त्याचा डावा खंड जठराच्या वरच्या भागावर पसरलेला असतो. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. दोन्ही शस्त्रक्रियांत सर्वांत नाजूक काम या डाव्या खंडाखालीच असते, अन्ननलिका जठराला मिळते त्या जागी. पोटावरच्या लहान छिद्रांतून दुर्बीण आणि उपकरणे आत सोडली जातात आणि धातूच्या एका आकड्याने यकृताचा हा खंड वर उचलून धरला जातो. निरोगी यकृताची कड पातळ व लवचीक असल्याने ती सहज उचलली जाते. मेद साठलेले यकृत मात्र जड आणि ठिसूळ होते, त्याची कड बोथट होते. आकड्याच्या दाबाने ते चिरले तर रक्तस्राव होतो आणि समोरचे दिसेनासे होते. क्वचित दुर्बिणीचे काम थांबवून पोट उघडावे लागते.

आहारातल्या कॅलरी, विशेषतः पिठूळ आणि गोड पदार्थांतून येणाऱ्या, एकदम घटल्या की पहिला परिणाम यकृतावरच होतो. यकृतात सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. हा साठा दोनेक दिवसांत बराचसा संपतो आणि पाणीही जाते. रक्तातले इन्शुलिन उतरते, यकृतात नवा मेद तयार होणे मंदावते आणि साठलेला मेद ऊर्जेसाठी वापरला जाऊ लागतो. कातडीखालच्या मेदाच्या तुलनेत यकृतातला मेद फार लवकर हलतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी 2006 साली 32 जणांच्या यकृताचे आकारमान अतिअल्प कॅलरींच्या आहारावर 12 आठवडे वेळोवेळी मोजले. ते सरासरी जवळपास 19 टक्क्यांनी घटले आणि त्यातली 80 टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली. म्हणूनच दोन आठवड्यांचा काळ उपयोगी ठरतो.

याचा फायदा शस्त्रक्रियागृहात किती दिसतो, हे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तपासले गेले. गॅस्ट्रिक बायपास होणार असलेल्या 298 रुग्णांपैकी निम्म्यांना 14 दिवस हा आहार दिला गेला. शस्त्रक्रियेला लागलेला वेळ दोन्ही गटांत सारखाच होता, पण आहार पाळलेल्या गटात शल्यचिकित्सकांना काम सोपे वाटले आणि पुढच्या 30 दिवसांत गुंतागुंतही कमी झाली.

हा आहार रक्तातील साखरेवरही परिणाम करतो. बायपासनंतर वजन फारसे उतरण्याआधीच, अवघ्या काही दिवसांत, अनेकांची साखर आटोक्यात येते. यामागे खाणे एकदम कमी होणे हेही कारण असावे, असे न्यूकॅसल विद्यापीठातील प्रा. रॉय टेलर यांनी मांडले. त्यांच्या गटाने 2011 साली टाइप 2 मधुमेहाच्या 11 रुग्णांना, शस्त्रक्रिया न करता, 600 कॅलरींच्या आहारावर ठेवले. आठवडाभरात उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली आणि यकृतातला मेद सुमारे 30 टक्क्यांनी घटला. आठ आठवड्यांत स्वादुपिंडातला मेदही कमी झाला आणि इन्शुलिन स्रवण्याची क्षमता सुधारली.

भारतीयांसाठी यकृतातल्या मेदाचा हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बांधा सडसडीत असूनही अंगात मेद जास्त असण्याची भारतीय प्रवृत्ती जगापुढे मांडली. कमी वजनातही यकृतात आणि पोटात मेद साठत असल्याने, आशियाई लोकांसाठी 27.5 इतक्या बीएमआयपासून शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे.

साखर इतक्या झपाट्याने उतरते, म्हणूनच हा आहार मनाने सुरू करणे धोक्याचे आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा नेहमीचा डोस तसाच चालू राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांमुळे साखर जवळपास सामान्य दिसत असतानाही रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठू शकते. त्यामुळे त्या शस्त्रक्रियेआधी किमान 3 दिवस आणि बहुधा आहार सुरू होतानाच बंद करतात. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचाही फेरविचार करावा लागतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप 1 मधुमेहाचे रुग्ण आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेले यांच्यासाठी हा आहार सहसा टाळला जातो.

आहारात कॅलरी कमी असल्या तरी प्रथिने कमी पडून चालत नाही, नाहीतर मेदाबरोबर स्नायूही झिजतात. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. प्रथिनयुक्त तयार पेये, साय काढलेले दूध, ताक, अंड्याचा पांढरा भाग, थोडे पनीर, पालेभाज्या, काकडी आणि सुमारे दोन लिटर पाणी यांवर भर असतो. भात, पोळी, बटाटा, साखर, फळांचे रस आणि तळलेले पदार्थ बंद किंवा अगदी मोजके असतात. पहिले तीन-चार दिवस डोकेदुखी, थकवा आणि चिडचिड जाणवते. बद्धकोष्ठताही होते. मग भूक बरीच मंदावते.

शस्त्रक्रियेनंतर आवडीचे खाता येणार नाही म्हणून आदल्या आठवड्यात मनसोक्त जेवून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. अशा जेवणांनी ग्लायकोजेन आणि त्याबरोबरचे पाणी लगेच परत भरते आणि यकृत पुन्हा फुगू लागते. म्हणून तक्ता शेवटच्या दिवसापर्यंत पाळणे आणि तो मोडला असेल तर शल्यचिकित्सकांना आधीच सांगणे, यातच रुग्णाची सुरक्षितता आहे.