गूळ शुद्ध की साखर?



मागच्या पंधरवड्यात एका सभासदाचा नववीतला मुलगा विज्ञानाचे पुस्तक घेऊन आमच्या गट ऑफिसात आला. "काका, आमचे बाबा म्हणतात गूळ शुद्ध, अन् सर म्हणतात साखर शुद्ध. खरं कुणाचं?" आम्ही म्हटले, दोघांचंही.

घरात शुद्ध म्हणजे भेसळ नसलेले. रसायनशास्त्रात शुद्ध म्हणजे एकाच पदार्थाचे. पांढरी साखर म्हणजे जवळजवळ निव्वळ सुक्रोज. गुळात सुक्रोजबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, थोडे पाणी. आणि दर ढेपेत प्रमाण निराळे. म्हणून ते मिश्रण. मिश्रण म्हणजे हलके असे मात्र नव्हे, गुळाची चव त्यातूनच येते.

ओळखायची खूण गुऱ्हाळात दिसते. शुद्ध पाणी १०० अंशांच्या सुमारास उकळते व संपेपर्यंत तिथेच राहते. रसाचे तसे नाही. तो आटेल तसे तापमान चढते आणि काहील उतरवताना ११८ अंशांच्या आसपास जाते. गुळव्या थर्मामीटर न लावता पाण्यात गोळी टाकून सांगतो, ती गोष्ट वेगळी!

आता आपल्या कामाचा मुद्दा. पुष्कळ सभासद हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स २० बघून खूश होतात. पण ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले सगळे घनपदार्थ, नुसती साखर नव्हे. त्यातले सुक्रोज म्हणजे पोल. ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल तर शुद्धता ८५ टक्के. पोल १५ असेल तर ७५. यंत्रावर आकडा मात्र एकच.

तोडलेला ऊस पडून राहिला की पाणी उडते, त्यामुळे ब्रिक्स उलट चढलेला दिसतो. आत मात्र सुक्रोज फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होत असते. त्यांचे दाणे पडत नाहीत. ती मळीत जातात, जाताना थोडे चांगले सुक्रोजही ओढून नेतात. मळीपासून अल्कोहोल होते हे खरे, पण एफआरपी साखर उताऱ्यावर ठरते, मळीवर नाही. एकाच्या शिळ्या उसाचा फटका सगळ्यांना बसतो.

गाड्या अड्ड्यावर खोळंबतात यात आमच्याकडचाही दोष असतो, नाकारत नाही. म्हणून टोळी व वाहन नक्की झाल्याशिवाय कोयता लावू नका. पक्वता बघायची ती उभ्या उसाची. बुडख्याचा आणि शेंड्याकडचा ब्रिक्स वेगवेगळा घ्या. दोन्ही जवळजवळ सारखे आले की गटाच्या चिटबॉयकडे कळवा.