किल्लीवांचून चालणारी मोटार

मोटार ही आतां आपल्या म्हसळा तालुक्यास नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. गणेशचतुर्थी जवळ आली कीं मुंबईचे चाकरमानी आपआपल्या गाड्या घेऊन घोणसे घाट उतरूं लागतात. सुटींत आखाती देशांतून घरीं आलेल्या मंडळींच्या अंगणांतही वर्षभर झांकून ठेवलेली मोटार पुन्हां उघडी होते. मात्र अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत एक गोष्ट हरवलेली दिसते, ती म्हणजे किल्ली. मालक खिशांत एक लहानशी काळी डबी बाळगतो. तो दाराशीं येतो, दार उघडतें. आंत बसून कळ दाबतो, इंजिन सुरू होतें. सोय मोठी खरी. परंतु ज्या सोयीचें मर्म आपणांस ठाऊक नसतें, ती ऐन वेळीं रुसली म्हणजे माणूस किती हतबल होतो, हें आम्हीं गेल्या पावसाळ्यांत डोळ्यांनीं पाहिलें.

आमच्या शेजारच्या घरीं लेक बाळंतपणास आलेली होती. रात्रीं दीडच्या सुमारास तिला कळा येऊं लागल्या. पाऊस कोसळत होता, वीज गेलेली होती. माणगांवच्या उपजिल्हा रुग्णालयांत न्यावें असें ठरलें. गाडी अंगणांतच उभी होती. मुलीच्या भावानें डबी खिशांत घालून दारास हात लावला, तों दार उघडेना. डबीवरील कळ दाबून पाहिली, तरीही गाडी ढिम्म! कंदील धरून आम्ही चारपांच शहाणीं माणसें त्या गाडीभोंवतीं उभीं होतों, आणि एकासही पुढें काय करावें तें सुचेना. त्या रात्रीचा शेवट काय झाला तें आम्ही पुढें सांगूंच. आधीं त्या डबीची ओळख करून घेऊं.

मोटारीच्या प्रारंभकाळीं इंजिन चालू करणें हें अंगमेहनतीचें काम होतें. गाडीच्या तोंडाशीं लोखंडी हँडल घालून तें जोरानें फिरवावें लागे. इंजिनानें उलट हिसका दिला तर तेंच हँडल मनगट मोडीत असे. १९११ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं विजेच्या यंत्रानें इंजिन फिरविण्याची युक्ति सिद्ध केली व १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत ती बसविण्यांत आली. त्यानंतर बरींच वर्षें किल्लीनें वीज सुरू करावयाची आणि निराळी कळ हातानें अथवा पायानें दाबून इंजिन फिरवावयाचें, अशी रीति पुष्कळ गाड्यांत होती. हीं दोन्ही कामें एकाच किल्लीच्या पिळानें होण्याची सोय १९४९ सालीं क्राइसलर मोटारींत आली आणि मग सर्वत्र पसरली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून निघालेली ‘पद्मिनी’ आपल्या वडीलमंडळींस चांगली आठवत असेल. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. पण तिची किल्ली पिळतांना होणारा आवाज अजून कित्येकांच्या कानांत असेल. तेव्हां कळ दाबून गाडी चालू करणें ही गोष्ट वस्तुतः जुनीच आहे. नवें आहे तें एवढेंच कीं किल्ली धातूची न राहतां आकड्यांची झाली आहे.

ही आकड्यांची किल्ली कशी चालते? आपल्या शेजारच्या जंजिऱ्यासारख्या एखाद्या किल्ल्याचा दरवाजा मनांत आणा. रात्रीं कोणी आला तर पहारेकरी त्यास परवलीचा शब्द विचारणार. उत्तर बरोबर असेल तरच दिंडी उघडणार. मोटारींतही असाच एक पहारेकरी बसविलेला असतो. आपण दाराच्या मुठीस हात लावला किंवा आंतील कळ दाबली कीं गाडी मंद कंपनांच्या बिनतारी लहरींनीं हांक मारते. या लहरींचीं कंपनें सेकंदास सुमारें सव्वा लाख असतात व त्यांची पोंच एकदोन मीटरच असते. डबी तेवढ्या टापूंत असेल तर ती जागी होते आणि सेकंदास सुमारें त्रेचाळीस कोटी कंपनांच्या लहरींनीं उत्तर देते. यांतील मौज अशी कीं पहारेकरी दर वेळीं नवाच प्रश्न विचारतो. तो एक मोठा आंकडा पाठवितो. डबी आपल्या पोटांतील गुप्त अंकाशीं त्याचें गणित करून उत्तर कळविते. गाडीही तेंच गणित करून दोन्ही उत्तरें ताडून पाहते. कालचें उत्तर चोरून ऐकलेल्या माणसास आज तें उपयोगी पडत नाहीं, कारण आजचा प्रश्नच निराळा असतो.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे गाडी रुसली असतां दोष कोठें शोधावा हें आपोआप समजतें. प्रश्न विचारणारी बॅटरी गाडींत असते, उत्तर देणारी डबींत असते, आणि उत्तर बरोबर आलें तरी चालकाकडून एक खूण मिळाल्यावांचून इंजिन फिरत नाहीं. म्हणून तीन ठिकाणें क्रमानें तपासावीं.

पहिलें ठिकाण डबीचें. तिच्यांत बहुधा ३ व्होल्टचा एक चपटा, नाण्यासारखा सेल असतो. तो साधारणतः एक ते तीन वर्षें टिकतो. तो क्षीण झाला म्हणजे गाडीचे दिवे लख्ख लागतात, पण ‘किल्ली सांपडत नाहीं’ अशी सूचना समोरच्या फलकावर येते. कित्येकदां सेल चांगला असूनही डबी मोबाइलास चिकटून एकाच खिशांत असते, त्यामुळें लहरींची गल्लत होते. दोन्ही वस्तु वेगळ्या ठेवून पाहावें. सेल खरोखरच संपला असेल तरी घाबरण्याचें कारण नाहीं. बहुतेक डब्यांच्या पोटांत धातूची एक छोटी किल्ली दडविलेली असते. तिनें दार उघडतें. शिवाय डबींत आणखी एक सूक्ष्म तुकडा असतो, त्यास सेलची गरजच नसते. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलें कीं बदलत्या चुंबकीय क्षेत्रांत तारेचें वेटोळें ठेवलें तर त्यांत वीज उत्पन्न होते. शाळेच्या प्रयोगशाळेंत आपण हाच प्रयोग करतों. गाडीच्या कळेजवळील वेटोळ्यामुळें डबींतील वेटोळ्यांत अशीच किंचित् वीज उत्पन्न होते, आणि तेवढ्या बळावर तो तुकडा आपली ओळख सांगतो. म्हणून कित्येक गाड्यांत डबी थेट कळेस टेंकवून ती दाबली असतां इंजिन सुरू होतें. कांहीं गाड्यांत त्यासाठीं निराळी खांचणी असते. ती कोठें आहे तें गाडीच्या माहितीपुस्तकांत पाहावें.

दुसरें ठिकाण गाडीच्या मोठ्या बॅटरीचें. फलक मंद दिसत असेल, अथवा कळ दाबल्यावर नुसता टक टक आवाज येत असेल, तर दोष येथें आहे. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं गेली कीं ती जवळजवळ रिती समजावी. दिवे लावण्यास थोडी वीज पुरते, पण इंजिन फिरविण्यास शंभराहून अधिक अँपियर लागतात. म्हणून दिवे लागले एवढ्यावरून बॅटरी धडधाकट मानूं नये. दुसऱ्या गाडीची मदत घ्यावयाची तर क्रम चुकवूं नये. लाल तार प्रथम आपल्या बॅटरीच्या धन टोंकास, मग दुसरीच्या धन टोंकास लावावी. काळी तार प्रथम दुसरीच्या ऋण टोंकास लावून तिचें शेवटचें टोंक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर जोडावें. बॅटरींतून ज्वालाग्राही वायु निघत असतो. शेवटची ठिणगी त्याजवळ पडूं नये हा यांतील हेतु. जुन्या गाडीप्रमाणें ढकलून काम भागेल हा भरंवसा येथें धरूं नये. बॅटरी मेली म्हणजे पहारेकरीच झोंपला, मग प्रश्न विचारणार कोण? विजेवर चालणाऱ्या मोटारींतही १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असतेच. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाहीं.

तिसरें ठिकाण चालकाच्या पायाचें. हातानें गिअर बदलण्याच्या गाडींत क्लच, व आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींत ब्रेक पूर्ण दाबल्यावांचून इंजिन फिरत नाहीं. पाय न ठेवतां कळ दाबली तर केवळ दिवे व रेडिओ चालू होतात, आणि माणूस समजतो कीं यंत्र बिघडलें. कधीं ब्रेकच्या पायटीमागील विजेची कळ नादुरुस्त होते. ब्रेक दाबूनही मागचे लाल दिवे लागत नसतील तर तीवरच संशय घ्यावा. सुकाणूचें कुलूप ताणांत अडकलें असेल तर चाक हळूच डावीउजवीकडे हलवीत कळ दाबावी.

हें झालें रुसलेल्या गाडीविषयीं. न रुसलेल्या गाडीबरोबर नांदण्याचेही कांहीं नियम आहेत. आपल्याकडे मालक परदेशीं व गाडी अंगणांत, असें महिनेच्या महिने चालतें. बिनकिल्लीची मोटार उभी असतांही तिचा पहारेकरी सदैव कान देऊन असतो व थोडी थोडी वीज खात राहतो. तेव्हां दीर्घ काळ गाडी ठेवावयाची तर बॅटरीचें ऋण टोंक जाणत्याकडून सोडवून ठेवावें, अथवा कोणीं तरी ती आठवड्यास अर्धा तास तरी फिरवून आणावी. डबी गाडीशेजारच्या भिंतीवर टांगूं नये. दोघांचें संभाषण रात्रभर चालून दोन्ही बॅटऱ्या झिजतात. खाऱ्या हवेनें सेलच्या पट्ट्यांवर गंज चढतो. सेल बदलतांना त्या कोरड्या फडक्यानें पुसाव्या. दिघीच्या जेटीवर आगरदांड्याच्या फेरीबोटींत चढतांना डबी हातांत खेळवूं नये. खाडींत पडलेली किल्ली लोहाराकडून घडवून घेतां येत नाहीं.

दुसरा नियम प्राणांशीं निगडित आहे. हल्लींचीं इंजिनें इतकीं शांत असतात कीं किल्ली काढून घेण्याची संवय मोडलेला माणूस गाडी चालूच ठेवून घरांत निघून जातो. डबी दूर नेल्यानें चालू इंजिन बंद होत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊकच नसतें. बंद खोलींत अथवा तळघरांत असें झालें तर कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायु साचतो. अमेरिकेंत अशा रीतीनें निजलेल्या माणसांचे बळी गेले. त्यामुळें विसरलेलें इंजिन आपोआप बंद व्हावें असा नियम करण्याची तरतूद तेथें २०२१ सालच्या एका कायद्यांत झाली. आपण तोंपर्यंत कशास थांबावें? उतरण्यापूर्वीं फलक विझला कीं नाहीं हें पाहण्याची संवय प्रत्येकानें लावून घ्यावी.

तिसरा नियम घाटांतला. जुन्या गाडीची किल्ली फिरविली कीं इंजिन तत्काळ थांबे. येथें गाडी धांवत असतां कळेस नुसतें बोट लावून कांहीं होत नाहीं. बहुतेक गाड्यांत ती दोनतीन सेकंद दाबून धरावी लागते, अथवा लागोपाठ तीनदां दाबावी लागते. २००९ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगोजवळ पायपोसाखालीं वेगाची पायटी अडकून एक भाड्यानें न घेतां तात्पुरती मिळालेली गाडी बेफाम झाली व चौघांचा अंत झाला. परक्या गाडींत बसणाऱ्यानें तिच्या कळेची रीति आधीं विचारून घ्यावी, हा त्यांतील धडा. असा प्रसंग आल्यास प्रथम ब्रेक एकदांच घट्ट दाबून धरावा, गिअर न्यूट्रलमध्यें न्यावा, आणि मगच कळ दाबून धरावी. इंजिन बंद पडल्यावर सुकाणू व ब्रेक दोन्ही जड होतात, हें विसरूं नये.

चोरांनींही या विद्येचा अभ्यास केला आहे. एक जण घराच्या भिंतीशीं व दुसरा गाडीशीं यंत्र घेऊन उभा राहतो, आणि गाडीची हांक घरांतील डबीपर्यंत पोंचविली जाते. उपाय साधा आहे. धातूच्या बंद पेटींत अशा लहरी सहसा शिरत नाहींत. डबी झांकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवावी. डबा गाडीजवळ नेऊन दार उघडत नाहीं अशी परीक्षाही घ्यावी.

आतां त्या रात्रीकडे वळूं. आम्ही मोठीं माणसें हताश उभीं असतां त्या घरची नववींतील धाकटी मुलगी पुढें आली. फेरीबोटीची वाट पाहतांना गाडीच्या डाव्या कप्प्यांतलें माहितीपुस्तक तिनें वेळ जावा म्हणून वाचलेलें होतें. तिनें डबींतील धातूची किल्ली ओढून काढली व दार उघडलें. गाडी भोंगा वाजवून ओरडूं लागली, तशी आम्ही दचकलों, ती मात्र शांतपणें म्हणाली, “दादा, क्लच दाब, आणि डबीच कळेला टेंकव.” इंजिन सुरू झालें, भोंगा थांबला. अर्धा तास वायां गेला होता. पण घाट चढून गाडी वेळेंत पोंचली व पहांटे बाळबाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप आला. सेल क्षीण झाल्याची सूचना फलकावर आठ दिवस दिसत होती, असें मागाहून कळलें.

विद्यार्थिमित्रांनो, त्या मुलीनें कांहीं अलौकिक केलें नाहीं. आपल्या घरांतील वस्तूचें पुस्तक तिनें वाचलेलें होतें, एवढेंच. यंत्रें दिवसेंदिवस अधिक मुकीं व अधिक शहाणीं होत जाणार. त्यांच्या शहाणपणावर विसंबून आपण अजाण राहिलों, तर अडचणीच्या रात्रीं तीं आपणांस अंगणांत उभीं करतील. आज घरीं गेल्यावर तें पुस्तक एकदां उघडून पाहा, आणि वडिलांसही वाचून दाखवा.