गिअरची दांडी ढकलली की सुरू होतो, सत्तरी ओलांडलेला हा ट्रॅक्टर लोक अजून का सोडत नाहीत?

४ जानेवारी १९५८. एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. एव्हरेस्टवाले हिलरी, तेच. पण यावेळी ते चक्क शेतातला ट्रॅक्टर घेऊन गेले होते. असे तीन ट्रॅक्टर होते. बर्फासाठी चाकांवर पट्टे चढवलेले, बाकी बहुतेक सगळं नांगरटीच्या ट्रॅक्टरसारखंच.

हा ट्रॅक्टर म्हणजे फर्ग्युसन टीई-२०. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. रंग राखाडी, वजन जेमतेम सव्वा टनाच्या आत. त्यातले कित्येक आजही चालतात. लोक ते जपतात, प्रदर्शनात नेतात, काही जण तर शेतात राबवतातही.

यामागचा माणूस हॅरी फर्ग्युसन, आयर्लंडचा. आधीच्या ट्रॅक्टरला नांगर मागे नुसता ओढायला लावलेला असायचा. फाळ दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उठायचा आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. फर्ग्युसनने खाली दोन आणि वर एक असे तीन दांडे लावून नांगर ट्रॅक्टरलाच जोडला. नांगर अडकला की वरचा दांडा पुढे रेटतो आणि पुढची चाकं जमिनीवर दाबून धरतो. तोच दाब ओळखून हायड्रॉलिक नांगर वर-खाली करतं. आज महाराष्ट्रात ज्या तीन पॉइंटला रोटाव्हेटर जोडतात, ती हीच पद्धत. पुढे फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये गेली आणि 'मॅसी फर्ग्युसन' हे नाव जन्माला आलं. आपल्याकडे ते चेन्नईच्या टॅफेमुळे गावोगावी पोहोचलं.

आता मुद्दा असा, की इतकं जुनं मशिन चालू राहतं कसं?

तर ते उघडता येतं म्हणून. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. स्टार्टरला वेगळी चावीही नाही, गिअरची दांडी 'एस'वर ढकलली की इंजिन फिरतं. त्यामुळे ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरतच नाही. सिलिंडरचे लायनर वेगळे काढता येतात, झिजले तर नवे घाला, ब्लॉक तोच. सोबत मिळणाऱ्या पान्यावर इंचांच्या खुणा होत्या. नट आवळा आणि त्याच पान्याने नांगरटीची खोलीही मोजा! उलट आजच्या ट्रॅक्टरचा बिघाड अनेकदा सॉफ्टवेअरशिवाय कळत नाही. अमेरिकेत शेतकरी यावरून इतके भांडले, की जानेवारी २०२३ मध्ये जॉन डीअरला तिथल्या फार्म ब्युरोसोबत दुरुस्तीची माहिती आणि साधनं देण्याचा समझोता करावा लागला.

अर्थात जुना ट्रॅक्टर फुकट चालत नाही. सगळ्यात मोठा शत्रू पाणी. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि मागचा डिफरन्शियल या तिघांचं ऑइल एकच. गिअरच्या दांडीच्या बुडाचं रबर फाटलं आणि ट्रॅक्टर पावसात उभा राहिला, की पाणी थेट आत. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागलं की समजायचं. तसंच सोडलं तर बेअरिंगपासून पंपापर्यंत सगळं गंजतं, म्हणून ते पूर्ण काढून नवं भरावंच लागतं. लायनरच्या बुडाचं गॅस्केट गेलं तर रेडिएटरचं पाणी इंजिन ऑइलमध्ये उतरतं. काही मॉडेल रॉकेलसारख्या स्वस्त इंधनावर चालायची. आधी पेट्रोलवर सुरू करायचं आणि इंजिन तापल्यावर इंधन बदलायचं. ही घाई केली तर न जळलेलं इंधन ऑइलमध्ये मिसळून ते पातळ होतं. रंगरंगोटी नंतर, आधी ऑइल बघायचं!

आणि एक गोष्ट जुन्याच्या प्रेमात पडलेले विसरतात. ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी फ्रेम याला मुळात नाही. शिवाय क्लच एकाच टप्प्याचा. मागे गवत कापायचं जड यंत्र लावलं असेल, तर क्लच दाबल्यावरही फिरतं पातं पीटीओ शाफ्टमधून उलटी ताकद देतं आणि ट्रॅक्टर पुढे सरकत राहतो. कुंपण समोर असेल तर विषय संपला. म्हणून जाणकार लोक शाफ्टवर एकाच दिशेने ताकद जाऊ देणारा कपलर बसवतात. तो नसेल तर क्लच दाबतानाच गिअर न्यूट्रलला आणायचा.