असमर्थता हा अपराध नव्हे

महिन्याचा शेवटचा आठवडा आला की अनेक घरांतील कर्ता माणूस अबोल होतो. वाण्याची उधारी, मुलांची फी आणि आईचे औषध यांचा मेळ पगाराशी बसत नाही. आणि ही उणीव पगाराची नसून आपलीच आहे, असे त्याला वाटू लागते. तो श्रद्धावान ख्रिस्ती असला तर या टोचणीला शास्त्राचाही आधार सापडतो. जो स्वकीयांची तरतूद करीत नाही तो अविश्वासी माणसाहूनही वाईट, अशा आशयाचे वचन तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. प्रार्थनेला बसल्यावर नेमके तेच आठवते.

परंतु त्या वचनाचा संदर्भ पाहिला पाहिजे. तो अध्याय मुख्यतः विधवांच्या पोषणासंबंधी आहे. मुले-नातवंडे असताना वृद्धेचा भार मंडळीवर टाकणाऱ्यांना तेथे खडसावले आहे. दोष आहे तो कर्तव्य टाळणाऱ्याचा. झटूनही ज्याचे हात अपुरे पडतात त्याचा नव्हे. उलट, जिला कोणीच नाही तिचा भार मंडळीने वाहावा, असेही तेथेच सांगितले आहे. स्वतः पौल तंबू बनविण्याचा धंदा करी. तरीही फिलिप्पैकरांनी पाठविलेले साहाय्य त्याने कृतज्ञतेने स्वीकारले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दृष्टांत याहून बोलका आहे. दिवस मावळायला तासभर उरला तरी काही मजूर चौकात उभेच असतात. कारण विचारता ते सांगतात की, त्यांना कोणी कामावर लावलेच नाही. मळ्याचा धनी त्या उत्तरावर त्यांना दूषण देत नाही. कामावर पाठवतो आणि पूर्ण दिवसाची मजुरी देतो. मजुराच्या घरची चूल तासांच्या हिशेबाने पेटत नाही, हे त्याने ओळखले होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांपैकी हजारोंना पुन्हा गिरणीचे दार उघडले नाही. त्यांचे कसब नाहीसे झाले नव्हते. काम नाहीसे झाले होते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये काढलेल्या परिपत्रांत, वेतन हे कामगाराच्या निर्वाहास पुरेसे असावे, असे बजावले. अपुऱ्या वेतनाचा जाब, अर्थात, घेणाऱ्याला नव्हे, देणाऱ्याला आहे.

याचा अर्थ सर्वांनाच दोषमुक्ती मिळते असे नाही. पगार दारूत वा जुगारात उडविणाऱ्याची टोचणी रास्तच आहे. तिने त्याला पश्चात्तापाकडे न्यावे. पण जेथे पाप नाही तेथे पश्चात्ताप करीत राहिल्याने माणूस सुधारत नाही, तो लपू लागतो. पत्नीपासून कर्ज लपवतो, दानपेटीत टाकायला काही नाही म्हणून रविवारची उपासना चुकवतो. अडचणीहून हे लपणेच घराला अधिक पोखरते. रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने, हसतहसत सांगितले आहे. सांगितलेल्या टंचाईची लाज उरत नाही.

म्हणून हिशेबाची वही पत्नीसमोर, जाणत्या मुलांसमोर उघडावी. गरज पडल्यास पाळकालाही सांगावे. रोजची भाकर मागण्याची जी प्रार्थना ख्रिस्ताने शिकविली, तिच्यात ‘मला’ नाही, ‘आम्हांस’ आहे. ती भाकर एकट्या कर्त्याने आणावयाची असती, तर सर्वांनी मिळून ती मागण्याचे प्रयोजनच नव्हते.