प्रोग्रॅमिंग स्पर्धेतला प्रश्न किती अवघड, हे ठरवते कोण?

बुधवारी रात्री आठ वाजता ‘कोडशेफ’ची दोन तासांची साप्ताहिक स्पर्धा सुरू होते. फुलंब्रीतून भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यासमोर जे प्रश्न येतात, तेच त्याच्या गटातल्या पुण्या-मुंबईच्या स्पर्धकासमोरही येतात. कॉलेज कोणते, हे तिथे कोणी विचारत नाही. शेवटी उरतो एक आकडा : रेटिंग. तो बायोडाटावर लिहिला जातो. कॉलेजचे नाव मोठे नसेल, तर त्याचे वजन अधिकच वाढते.

‘कोडशेफ’ २००९ मध्ये मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने सुरू केले. तिथे १४०० च्या खाली एक तारा, २५०० पासून पुढे सात तारे. रशियातल्या ‘कोडफोर्सेस’वर स्पर्धकांप्रमाणे प्रश्नांनाही रेटिंग असते, ८०० ते ३५०० पर्यंत. स्पर्धकाचे रेटिंग समजण्यासारखे आहे. पण प्रश्नाचे कसे काढतात?

आधी अंदाज

समजा, प्रश्न असा आहे : बाजार समितीतले मक्याचे रोजचे भाव दिले आहेत. एका दिवशी घेऊन नंतरच्या एखाद्या दिवशी विकल्यास जास्तीत जास्त नफा किती? भाव १,००० दिवसांचे असतील, तर दिवसांची प्रत्येक जोडी तपासता येते. जोड्या सुमारे ५ लाख. संगणक सेकंदाला साधारण १० कोटी सोप्या क्रिया करतो, म्हणजे काम चुटकीसरशी होते. दिवस १ लाख केले की जोड्या सुमारे ५०० कोटी होतात आणि एका सेकंदाच्या मर्यादेत तो प्रोग्रॅम बसत नाही. आता आतापर्यंतचा सर्वांत कमी भाव लक्षात ठेवत यादी एकदाच वाचायची, ही युक्ती सुचावी लागते. गोष्ट तीच, फक्त आकडा बदलला आणि प्रश्न अवघड झाला.

म्हणून प्रश्न रचणाऱ्याशिवाय ‘टेस्टर’ही लागतात. ते आधी प्रश्न सोडवून पाहतात, चुकीची उत्तरे निसटू नयेत अशी चाचणी माहिती तयार आहे का, वेळेची मर्यादा योग्य आहे का, हे तपासतात. तरीही अंदाज चुकतो. ज्याने प्रश्न रचला त्याला युक्ती माहीत असते. त्याला तो सोपाच वाटणार.

नंतर मोजमाप

खरा आकडा स्पर्धेनंतर येतो. मूळ कल्पना बुद्धिबळातली आहे. दिव्या देशमुख, विदित गुजराथी यांच्या नावापुढे जे रेटिंग दिसते, ते अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या पद्धतीवर आधारलेले. इथे प्रतिस्पर्धी म्हणजे प्रश्न. ज्या रेटिंगच्या स्पर्धकाला तो सुटण्याची शक्यता निम्मी, तेच प्रश्नाचे रेटिंग. स्पर्धक २०० गुणांनी वर असेल तर शक्यता ७६ टक्के, तेवढाच खाली असेल तर २४.

उदाहरणार्थ, १४०० रेटिंगचे १०० आणि १८०० चे १०० जण एक प्रश्न सोडवायला बसले. प्रश्न १६०० चा असेल, तर पहिल्या गटातल्या २४ आणि दुसऱ्यातल्या ७६ जणांना तो सुटावा, एकूण १००. प्रत्यक्षात १०० जणांनी सोडवला, तर रेटिंग १६००. म्हणजे अवघडपणा कोणा तज्ज्ञाच्या मतावर नाही, सोडवणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर टिकून आहे.

कॉपीचा फटका कोणाला?

आता त्याच स्पर्धेत ४० जणांनी टेलिग्रामवर फुटलेले किंवा चॅटबॉटकडून घेतलेले उत्तर चिकटवले, असे धरा. सोडवणारे १४० झाले. सूत्रानुसार प्रश्नाचे रेटिंग १६०० वरून जवळपास १४०० वर घसरते. पुढच्या महिन्यात एखादी १४०० ची मुलगी ‘हा आपल्या पातळीचा’ म्हणून तो सोडवायला घेते. जमत नाही. ती स्वतःलाच कच्ची समजते, वास्तविक मोजपट्टीच खोटी झालेली असते. शिवाय ते ४० जण क्रमवारीत वर गेल्याने प्रामाणिक स्पर्धकांचे रेटिंगही खाली येते.

हे काल्पनिक संकट नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ओपनएआय’ने आपल्या ‘ओ३’ मॉडेलचे कोडफोर्सेसवरील रेटिंग २७२७ असल्याचे जाहीर केले. एवढे गुण फार थोड्या माणसांकडे आहेत. त्याआधी सप्टेंबरमध्येच ‘कोडफोर्सेस’ने स्पर्धेदरम्यान एआयच्या वापरावर निर्बंध घातले होते. आयोजक उत्तरांतले साम्य तपासतात, सापडलेल्यांना बाद करतात. मात्र घरी बसून कोणी दुसऱ्या फोनवर काय विचारले, हे दिसत नाही. ‘आयसीपीसी’सारख्या प्रत्यक्ष स्पर्धेत तिघांना एकच संगणक मिळतो आणि इंटरनेट नसते. ऑनलाइन स्पर्धेला ही सोय नाही.

सरावासाठी प्रश्न निवडताना आपल्या रेटिंगपेक्षा १०० ते २०० ने वरचे घ्यावेत. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्याआधीच्या स्पर्धांमधल्या प्रश्नांचे आकडे तुलनेने अधिक भरवशाचे आहेत. ते जुने प्रश्न ‘कोडफोर्सेस’वर मोफत उपलब्ध आहेत.